बागेत बाया की बायांचं काम?

नागपुरात स्त्री शिल्पकारांच्या नावाची एक शिल्पबाग असावी, असं लक्ष्मीभवन चौकातल्या चहावर वैशूनं म्हटलं आणि गज्या उसळला.

"काऊन बे, चौकाचौकांतले पुतळे पुरून नाही राहिले का?"

"त्यांचे पुतळे नाही, त्यांनी घडवलेली शिल्पं," वैशू म्हणाली. इंग्लंडात सेंट आइव्हजला बार्बरा हेपवर्थ १९७५ साली गेली, पुढच्याच वर्षी तिचं घर-बाग लोकांना खुली झाली. झाडांमधली बरीचशी शिल्पं अजून तिनं मांडली तशीच आहेत.

"इंग्लंड राहू दे. आपल्याकडे कोण?"

आपल्याकडे मीरा मुखर्जी. म्युनिकला शिकून आली आणि मेणाचे धागे काढून पितळ ओतायचं तंत्र शिकायला थेट बस्तरच्या घडवांकडे, म्हणजे तिथल्या धातू ओतणाऱ्या कारागिरांकडे गेली. बस्तर कोलकात्यापेक्षा आपल्याला जवळ, तरी नाव आम्हा चौघांत दोघांनाच माहीत! मग पिलू पोचखानवालाचं नाव निघालं. मुंबईची, भंगार लोखंड वेल्ड करून शिल्पं करायची. गज्याचं हिंगण्याला फॅब्रिकेशन आहे. तो पुढे सरकला. "जोड दिसू देते का घासून टाकते?" कोणालाच सांगता येईना, पण गडी आता वादात नाही, कामात शिरला होता.

मृणालिनी मुखर्जीच्या दोराच्या गाठींच्या शिल्पांना त्यानंच नकार दिला. नागपूरचं ऊन आणि वर पाऊस, दोन वर्षांत चिंध्या होतील. तिचं ब्राँझ मात्र चालेल.

मास्तरांचं म्हणणं, चेहरा नाही तरी नाव मोठं हवं. १८७५ साली अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स सम्नर या सिनेटरच्या पुतळ्याची स्पर्धा झाली. नावं झाकलेली. ॲन व्हिटनीचा नमुना निवडला, बाई आहे कळल्यावर काम दिलं पुरुषाला. तिचा सम्नर बसला १९०२ मध्ये, ती ऐंशीची असताना. हे ऐकून मीही मास्तरांकडे झुकलो. पण पाटीवर जन्म-मृत्यूपेक्षा धातू कोणता, ओतला कसा, हे आधी लिहावं. आणि हात लावू द्यावा. तारेच्या कुंपणातलं शिल्प पाहायचं तर अजब बंगल्याचं म्युझियम आहेच.

अस्सल कामं मिळणार कुठून, हा गज्याचा प्रश्न खरा अवघड. नकला नकोत, असं वैशू ठाम म्हणाली. त्यापेक्षा आजच्या मुलींना दगड-लोखंड द्या, जुन्यांच्या नावानं नवं घडवू द्या. मास्तरांना ते पटलं नाही.

पैशांवर मात्र लगेच एकमत झालं: महापालिकेत अर्ज घेऊन गज्यानं जायचं.