अर्ध्या मार्काचा यू

पुतणीचा इंग्रजीच्या पेपरात अर्धा मार्क गेला. निबंधाच्या सुरुवातीला तिने ‘कलर’ यू घालून लिहिलं, शेवटी यू गाळून. बाईंनी दुसऱ्याखाली लाल रेघ मारली. भाऊ तणतणत शाळेत निघाला होता, त्याआधी मला फोन. “दादा, तुमच्याकडे यू नसला तरी चालतं ना? अर्थ कळला, मग झालं!”

मी म्हटलं, बाईंचं बरोबर आहे. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर मी परका. “बर्फात बसून आम्हाला शिकवू नकोस,” असं आत्याने लिहिलं.

‘अर्थ कळला ना’ हे मला फार डाचतं. त्यात वाचणाऱ्याला काही किंमतच नाही. शिवाय ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुठे? यू काढला अमेरिकेने, नोहा वेबस्टरचा शब्दकोश १८२८चा. मी राहतो कॅनडात. इथे मॅकडोनल्ड पंतप्रधान असताना १८९०मध्ये सरकारी कागदांत यू ठेवायचा असं ठरलं. ‘सेंटर’ आर-ईने संपतं, बँकेच्या चेकमध्ये क्यू येतो, पण ‘ऑर्गनाइझ’ला झेड आणि गाडीच्या टायरला आय. सरमिसळ म्हणा हवं तर, पण ठरलेली सरमिसळ. एका रिपोर्टमध्ये एकाच शब्दाची दोन रूपं दिसली, तर आमच्या ऑफिसात तो परत येतो आणि कुणी हुज्जत घालत नाही.

भावाचं नाशिकमध्ये द्वारकेला टायरचं दुकान आहे. वरच्या पाटीवर वाय, शटरवर आय. किती वर्षं सांगतोय, रंगवून घे. “गिऱ्हाईक टायर बघतं, पाटी नाही.” हाच माणूस लग्नपत्रिकेत ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ ऱ्हस्व छापला म्हणून पंचवटीतल्या छापखानेवाल्याशी भांडला होता. मराठीसाठी एवढा जीव तुटतो, मग रोज वापरतो त्या इंग्रजीलाच सावत्रपणा का?

हे सगळं मी त्याला लिहिलं. उत्तरादाखल त्याने माझ्याच पासपोर्टचा फोटो टाकला, वडिलांच्या घराच्या कागदांसाठी मी पाठवलेला. जन्मस्थळ नासिक, एचशिवाय. “आधी तुझं गाव ठरव.”

खरं आहे. नंतर काढलेल्या जन्मदाखल्यावर एच आहे, पासपोर्टवर नाही. कॅनडातल्या पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, अर्जाला ही दोन्ही गावं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र मी करून दिलं होतं. आणि पासपोर्टची ती पुस्तिका छापली जाते आमच्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये!

यंदा नूतनीकरण आहे, दुरुस्ती मागता येईल. नियम माझाच आहे, एक रूप धरा आणि सोडू नका. पण आई पत्र पाठवायची, तेव्हा पाकिटाच्या मागे गावाचं नाव एचशिवाय लिहायची. प्रत्येक पाकिटावर तसंच, एकदाही बदललं नाही. ती पाकिटं माझ्या कपाटात आहेत. फॉर्म आठवडाभर टेबलावर पडून आहे. जन्मस्थळाचा रकाना सोडून बाकी सगळा भरून झालाय.