सहा ऋतू आणि एक अंदमान

मराठी माणसाला अंदमान दोन कारणांनी ठाऊक असतं. एक सेल्युलर जेल, आणि दुसरं म्हणजे दर मे महिन्यात पेपरात येणारा मथळा : ‘मान्सून अंदमानात दाखल’. पंख्याखाली घामाघूम होऊन बसलेल्या घराला हा मथळा वाचून बरं वाटतं. निघालाय म्हणजे पोचेलच. पण ज्या घरात अंदमानच्या सहलीची चर्चा सुरू असते, तिथे त्याच मथळ्याने तोंडं उतरतात. ‘‘बघ, आला तिथे पाऊस. आता दिवाळीनंतर बघू.’’

आमच्या घरातली तोंडं बरीच वर्षं अशी उतरत होती. पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा आम्हाला पोर्ट ब्लेअरला उतरून हॅवलॉक आणि नील बेटांवर जायचं होतं. आमचं ठरेपर्यंत 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं आणि सप्टेंबर 2024 मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. सरकारचे निर्णय लवकर होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा डोंबिवलीला आमच्याकडे चहाला यावं.

वास्तविक अंदमानात ठरवण्यासारखं फार काही नाही. वर्षभर दुपारचं तापमान 29 ते 32 अंशांच्या आसपास आणि रात्रीचं 22 ते 25 च्या. डोंबिवलीत सकाळच्या आणि दुपारच्या लोकलमध्ये याहून जास्त फरक पडतो. दिवसही वर्षभरात जेमतेम सव्वा तासाने लांबतो-आखडतो. पाऊस तेवढा दांडगा, वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत काम उरकून मोकळा होतो. तिथला मेमध्ये सुरू होतो तो डिसेंबरपर्यंत पुरवून पुरवून पडतो. आधी नैऋत्येकडून, मग जरा तोंड फिरवून ईशान्येकडून. तेव्हा तिथे ऋतू दोनच, पडतो तो आणि फारसा पडत नाही तो. सहा ऋतू आहेत ते आमच्या घरात, आणि त्यांतला एकही दुसऱ्याशी बोलत नाही.

पहिला ऋतू अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना समुद्र, प्रवाळ, नारळपाणी यांत काडीचाही रस नाही. त्यांना सावरकरांची कोठडी बघायची आहे आणि ती 28 मे या दिवशीच, कारण जयंती. मी सांगितलं, ‘‘अण्णा, पाऊस तिथे 20-22 मेच्या सुमारास येतो. 2025 साली तर 13 मेलाच आला होता. बोटी बंद असतील.’’ अण्णा म्हणाले, ‘‘मग 26 फेब्रुवारी. पुण्यतिथी.’’ त्या दिवसांत नातीचे दहावीचे पेपर, हे त्यांना पटलं, पण आवडलं नाही. जरा वेळ थांबून म्हणाले, ‘‘सावरकरांना तिथे नेलं ते 4 जुलै 1911 ला. भर पावसात. त्यांनी कुठे सीझन विचारला होता?’’

याला उत्तर नाही. निदान सुनेकडे नाही.

दुसरा ऋतू सासूबाईंचा. आई मूळच्या रत्नागिरीच्या, समुद्र त्यांचा घरचा. नारळी पौर्णिमेच्या आधी समुद्रात जायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा कायदा. म्हणजे जून, जुलै आणि ऑगस्टचा बराचसा भाग गेला. उरलेला श्रावण तसाही बाद, कारण श्रावणात मासे नाहीत, आणि अंदमानला जाऊन वरणभात खायचा तर तो इथे काय वाईट आहे? मग गणपती. मग पितृपक्ष, त्यात कसले बेत करायचे! मग नवरात्र. डिसेंबर मोकळा वाटला, तर त्यात मार्गशीर्षातले गुरुवार निघाले. नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केला आणि मासे न खाण्याचे दिवस लाल रंगाने भरले. संध्याकाळी स्क्रीनकडे बघून मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, तक्त्याला गोवर आल्यासारखं दिसतंय.’’ तक्ता खरोखर बरा दिसत नव्हता.

दिवाळीची सुट्टी सगळ्यांना सोयीची होती, फक्त बंगालच्या उपसागराला नव्हती. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा चक्रीवादळांचा हंगाम. डिसेंबर 2016 मध्ये अशाच खराब हवामानात हॅवलॉक आणि नीलवर सुमारे 1400 पर्यटक अडकले होते आणि नौदलाची जहाजं पाठवून त्यांना सोडवावं लागलं होतं. ही माहिती नवऱ्याने जेवताना वाचून दाखवली. आई घाबरतील असं मला वाटलं होतं. आई म्हणाल्या, ‘‘नौदलाची बोट? पैसे घेतात का?’’

नाताळात दर असे चढतात की त्यापेक्षा वादळ परवडलं. शिवाय डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचला सूर्य मावळतो. अंदमान पार ब्रह्मदेशाच्या खाली आहे आणि घड्याळ मात्र आपल्याच भारतीय वेळेवर, म्हणजे मिर्झापूरच्या रेषेवर चालतं, त्यामुळे पहाटे पाचला उजाडायला लागतं आणि चहाच्या वेळेला दिवेलागण. मला हे फार आवडलं होतं. सूर्य उगवतो तेव्हाच उठणारे अण्णा आणि दुपारी अकराला उठणारी मुलं, यांना एकाच दिवसात बसवायचं तर दिवस कुठून कापायचा हा प्रश्न मात्र उरला.

मधल्या काळात मी एका टूर कंपनीला फोन करून पाहिला. फोनवरची मुलगी फार गोड बोलायची. ‘‘ऑक्टोबर? बेस्ट मंथ, मॅम. सगळं ग्रीन असतं.’’ जानेवारी? ‘‘बेस्ट. पीक सीझन आहे.’’ मे? ‘‘मे इज बेस्ट फॉर फॅमिलीज.’’ मी गंमत म्हणून जुलै विचारला. क्षणभर शांतता. मग, ‘‘जुलैमध्ये ना मॅम, बीचवर कुणीच नसतं. पूर्ण बीच तुमचा.’’ अशा माणसांना हवामान खात्यात घ्यायला हवं. शेतकरी निदान हसत हसत बुडतील.

नवऱ्याचा विश्वास मोबाइलमधल्या ॲपवर. ते ॲप अंदमानच्या नावापुढे बाराही महिने एक काळा ढग आणि त्यातून निघालेली वीज दाखवतं. मला वाटतं, त्यांनी ते चित्र एकदा लावलं आणि पुन्हा बघितलंच नाही. पण नवरा ते रोज सकाळी उघडायचा आणि कुणीतरी गेल्यासारखा मान हलवायचा.

खरी लढाई पेटली ती चंद्रावरून. नवऱ्याने कुठेतरी पाहिलं की स्वराज द्वीपच्या किनाऱ्यावर रात्री पाणी हलवलं की निळं चमकतं. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो उजेड. आयुष्यात एकदा तरी तो बघायचा, असं त्याने ठरवलं. त्यासाठी रात्र काळीकुट्ट हवी, म्हणजे अमावास्या. आणि अमावास्येला घराबाहेर प्रवासाला पाऊल टाकणं आईंना मान्य नाही. ‘‘जग चंद्रावर गेलं, आई,’’ नवरा म्हणाला. ‘‘तेही अमावास्येला गेले नसतील,’’ आई म्हणाल्या. मुलीने मध्येच जाहीर केलं की शहीद द्वीपवर दगडाचा जो नैसर्गिक पूल आहे, त्याच्यापर्यंत चालत जायचं तर समुद्र चांगला ओसरलेला हवा आणि ओहोटी मोठी असते ती अमावास्या-पौर्णिमेलाच. झालं दोन विरुद्ध एक.

भरती-ओहोटीचं नाव निघताच आई मात्र खुलल्या. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, उत्तर आलं ते भरतीचे तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं, चश्मा लावला आणि बोटांवर हिशेब मांडायला बसल्या. तासाभराने निकाल दिला : ‘‘अमावास्येला प्रवास नको. मुक्काम चालतो. आधी दोन दिवस निघा.’’

इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात न आलेला हा तोडगा कॅलेंडरमध्येच पडलेला होता. दहावीचे पेपर मार्चमध्ये संपत होते, मुलाची परीक्षा त्यानंतर. मे म्हणजे लग्नसराई, वन्संच्या घरचं कार्य आणि मागोमाग पाऊस. जानेवारी ते एप्रिल हे तिथले सगळ्यात कोरडे महिने; त्यातही फेब्रुवारीपासून समुद्र शांत असतो, पाणी नितळ, म्हणजे मुलीचं स्कूबाही साधणार होतं. एप्रिलमधली एक अमावास्या नवऱ्याने हिरव्या रंगाने भरली. तक्त्यातला तेवढाच हिरवा चौकोन.

तिकिटं काढल्यावर बाकीचं जग जागं झालं. ‘‘एप्रिल? अगं, एप्रिलमध्ये कोण जातं अंदमानला? उकडेल!’’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या, डोंबिवलीत, कपाळावरचा घाम पदराने पुसत. आईंचं त्यावर वेगळंच : ‘‘उकडू दे. पण आंबे सुरू होतात त्याचं काय?’’ हापूस सोडून जायचं म्हणजे काय याचं दुःख त्यांनी विमानतळापर्यंत केलं आणि सामानातून तो वास आला तेव्हा कळलं की एक डझन सोबत निघालाय.

समुद्र सांगितल्याप्रमाणे शांत होता, इतका की आई नाराज झाल्या. बोट लागू नये म्हणून घरून आणलेला आलेपाक तोंडात धरून त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. ‘‘लाटाच नाहीत. एवढे पैसे घेऊन?’’ अण्णा कोठडीत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. जेलच्या सात पाख्यांपैकी (विंग्ज) तीनच उरले आहेत, त्या तिन्ही पाख्यांचे मजले त्यांनी गुडघे धरून चढले आणि त्या दिवशी तापमानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शहीद द्वीपवर आईंचा भरतीचा हिशेब आणि प्रत्यक्षातली ओहोटी यांच्यात चांगलं दोनेक तासांचं अंतर निघालं. आईंचं मत, समुद्र चुकतोय. अमावास्येच्या रात्री नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून हाताने पाणी घुसळत होता. चमकलं खरं, थोडंसंच, बोटांच्या मागे मागे. तो हरखून ओरडला. आई किनाऱ्यावरून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे थंडीत दिसायचं हे. फुकट.’’

परतीच्या आदल्या दिवशी टॅक्सीतून जाताना मी ड्रायव्हरला विचारलंच, की तुम्ही इथलेच, खरं सांगा, इथला सगळ्यात चांगला सीझन कोणता? तो एक क्षणही थांबला नाही. ‘‘बारिश, मॅडम. और क्या.’’ मी म्हटलं, पण तेव्हा तर पर्यटक नसतात. तो म्हणाला, नसतात. पण नळाला पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये गावात पाण्याची बोंब, रोज येत नाही, ड्रम भरून ठेवावे लागतात. चारी बाजूंना समुद्र आणि प्यायला पाणी नाही.

मागच्या सीटवर पेंगत असलेल्या आई एकदम ताठ बसल्या. ‘‘कितने बजे आता है?’’

‘‘सुबह, अम्मा. कभी चार, कभी पाँच.’’

‘‘हमारे इधर मंगळवार को पूरा बंद रहता है,’’ आई म्हणाल्या आणि पुढच्या सीटच्या पाठीला धरून सरकल्या. मग ड्रम निळा चांगला की काळा, झाकणाला फडकं बांधावं की नको, टाकीत तुरटी फिरवली तर गाळ बसतो का, हे सगळं हॉटेल येईपर्यंत निघालं. उजव्या हाताला समुद्र दिसत होता. बघायला कुणाला वेळ नव्हता. उतरताना आईंनी त्याला पिशवीतले उरलेले दोन आंबे दिले आणि बजावलं, ‘‘रात कोही भरके रखना. सबेरे का भरवसा नहीं.’’