साधं वरण

लंडनमध्ये एका गोऱ्या आजोबांनी मला पापड कसा खायचा ते शिकवलं, त्याला आज आठ दिवस झाले. अजून पोटातला राग जिरलेला नाही.

'जिथे जावं तिथलं खावं' हे वाक्य माझंच. त्यापायी बायकोला मेतकुटाची पुडीसुद्धा बॅगेत टाकू दिली नव्हती. पाच दिवस गार सँडविचं चावली आणि सहाव्या संध्याकाळी 'इंडियन' अशी पाटी दिसताच तत्त्वं बाहेर ठेवून आत शिरलो.

मेनूवर कोर्मा, मद्रास, विंदालू. मद्रास हे तिथे गावाचं नाव नाही, तिखटाची पायरी आहे. वेटर बांगलादेशातल्या सिल्हेटचा होता. तिकडची बरीचशी 'इंडियन' हॉटेलं सिल्हेटच्याच लोकांनी उभी केली आहेत.

"साधं वरण आणि भात मिळेल?"

"तडका डाल, दादा."

"तडका नको. नुसतं."

त्याचं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "पोट बिघडलंय का?"

सत्तरीचे आजोबा, गळ्याला नॅपकिन. त्यांनी खुर्चीच आमच्याकडे वळवली. "पहिल्यांदाच इंडियन जेवताय वाटतं?"

"मी भारतातूनच आलोय."

"हो, पण तिथलं वेगळं."

यावर काय बोलणार? बायको पाण्याच्या ग्लासात हसत होती. आजोबा 1988 पासून दर गुरुवारी इथे जेवतात. वेटर त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता, की वाद झालाच तर त्याचं मत कुणाला जाणार हे मला कळून चुकलं. आजोबांनी परस्पर पापड मागवले. "आधी पापड. जेवणाबरोबर नाही, आधी!" असं म्हणून त्यांनी माझ्या पापडांच्या चळतीवर मूठ आपटली. एक तुकडा बायकोच्या पर्समध्ये गेला. मग आंब्याच्या गोड चटणीत पापड बुडवून, मला नीट दिसेल अशा बेताने, त्यांनी हळूहळू खाऊन दाखवला. लहानपणी गच्चीवर काठी घेऊन पापडांवरचे कावळे हाकणारा मी, मान डोलावत बघत होतो.

पुढे विंदालूचा विषय निघाला. त्यात बटाटा हवाच, कारण आलू म्हणजे बटाटा, असं ते म्हणाले. म्हटलं, शब्द पोर्तुगीज आहे, गोव्यातून आलेला; त्यात वाइन आहे, लसूण आहे, बटाट्याचा संबंध नाही. त्यांनी माझा खांदा थोपटला.

पाटण्याच्या शेख दीन महंमदाने याच शहरात, पोर्टमन स्क्वेअरजवळ, 1810 साली 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं होतं. दोन वर्षांत दिवाळं वाजलं. मग त्याने ब्रायटनला जाऊन चंपीचा धंदा उघडला, तो असा चालला की खुद्द राजा गिऱ्हाईक झाला. पूर्वी मला त्याच्या हॉटेलाबद्दल हळहळ वाटायची. आता वाटतं, त्याच्याही शेजारच्या टेबलावर कोणीतरी बसत असणार.

डाळ आली, तडक्यासकट. वर लसणाचा असा थर की खालची डाळ उकरून काढावी लागली. तूप नाही, लिंबू नाही. मग बिल. पापडांचे पैसे, लोणच्याच्या ट्रेचे माणशी वेगळे, वर साडेबारा टक्के सर्व्हिस. पापड मी मागवलेच नव्हते हो! खाल्ले निम्मे त्यांनी, फोडले सगळे त्यांनी, आणि लागले माझ्या बिलाला. बोललो नाही. परक्या गावात दोन पापडांवरून भांडायचं म्हणजे आपलीच शोभा.

हात धुवायला उठलो तर समोरचं दार कोणाच्या तरी धक्क्याने उघडलं. आत आमचा वेटर उलट्या क्रेटवर बसून हाताने जेवत होता. भाताचा ढीग, त्यावर पातळ पिवळी डाळ. वाफ निघत होती. लसूण नाही, काही नाही.

"हे काय आहे?" माझा आवाज जरा चढलाच.

"हे? स्टाफचं जेवण, दादा. घरचं. मेनूवर नाही." घास तोंडाशी धरून तो ओशाळं हसला.

मी तिथेच उभा. मागून आजोबा ओरडले, "टॉयलेट डावीकडे! ते त्यांचं किचन आहे!"