आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन!

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लग्नसराईत आमच्या कॉम्प्युटरवर एका वेळी काय काय चालू असतं ते ऐका. कोरलड्रॉमध्ये लग्नपत्रिका; मुलाकडचे मराठी, मुलीकडचे कन्नड, म्हणजे एकाच पानावर मराठीसाठी श्रीलिपीही आणि कन्नडसाठी नुडीही. फोटोशॉपमध्ये कुणाचे तरी पासपोर्ट फोटो. कर्नाटक सरकारच्या नाडकचेरीच्या साइटवर उत्पन्नाचा दाखला. शिवाय ब्राउजरमध्ये इतक्या टॅब, की त्यांची नावं जाऊन नुसते ठिपके उरलेले. मग व्हायचं तेच होतं. माउसचा बाण गोल गोल फिरू लागतो, नवरदेवाचं नाव ‘चि.’वरच थांबतं आणि बाकावरच्या आजी विचारतात, “करंट गेला काय रे बाळा?” डोक्यावर पंखा गरगरत असतो.

नवीन प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, घ्यायचा असं मी चहाच्या गाड्यावर नुसतं बोललो. बेळगावात सल्ला फुकट मिळतो आणि दोन भाषांत मिळतो.

“कसला विचार करूलालास? आय सेव्हन घे की!” असं सगळ्यांचं एकमत. आय सेव्हन म्हणजे इंटेल कंपनीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर. कुठल्या पिढीचा, असं विचारलं की सगळे चहाकडे बघतात. एका दुकानात तर मला 2011 सालचा आय सेव्हन, तोही ऑफिसातून निघालेला, ‘एकदम टॉप’ म्हणून दाखवला. त्याला चार कोअर, म्हणजे आतले कामकरी, आणि आठ थ्रेड, म्हणजे त्यांच्या हातातली कामं. बाराव्या पिढीच्या साध्या आय थ्रीलाही चार कोअर आणि आठच थ्रेड, पण तो या म्हाताऱ्याला कधीच मागं टाकतो. हे मी सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, “पण हा आय सेव्हन हाय की ओ.” यावर काय बोलणार?

गिगाहर्ट्‌झचंही, म्हणजे वेगाच्या आकड्याचंही, तसंच. जुन्या पिढीचे साडेतीन आणि नव्या पिढीचे साडेतीन सारखे नसतात. तेवढ्याच वेगात नवा जास्त काम उरकतो. पण डब्यावरचा आकडा मोठा दिसला की माणसाचा हात खिशाकडे जातोच.

कोअर आणि थ्रेडचं गणित मला समजलं ते वडगावच्या मामांमुळे. मामांचा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेलाय. “सहा कोअर, बारा थ्रेड,” असं मी म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, “म्हणजे सहा विणकर, एकेकाकडं दोन माग. एक माग अडला तर माणूस बसून राहत नाही, दुसऱ्याकडं बघतो. पण म्हणून कापड दुप्पट निघंल काय? नाही निघत.” अगदी बरोबर. एक थ्रेड मेमरीची वाट बघत अडकला, की तोच कोअर दुसऱ्याचं काम ओढतो. एवढं नेमकं तर मला एकाही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच वाक्याला मामा म्हणाले, “तरी तू आय सेव्हनच घे.”

शेवटी दोन नावं उरली: इंटेलचा आय फाइव्ह 12400 आणि एएमडीचा रायझन 5 5600. दोन्ही 2022 चे, दोन्हींना सहा कोअर, बारा थ्रेड. रायझनवर मन बसलं होतं, पण त्यात ग्राफिक्स नाही. पडद्यावर चित्र हवं तर वेगळं कार्ड लावा. 12400 मध्ये ग्राफिक्स आतच असतं. फक्त पुढं ‘एफ’ लावलेला थोडा स्वस्त मिळतो, तो घ्यायचा नाही, कारण त्यात तेच काढलेलं असतं. किर्लोस्कर रोडवरचा पोरगा ‘एफ’च गळ्यात मारत होता. “कार्ड नंतर घ्या की ओ दादा.” तोवर गिऱ्हाइकाला काय, काळा पडदा दाखवू?

बिगर-एफ घेतला. इंटेलच्याच दहा कोअरच्या 13400 चा मोह आवरला आणि वाचलेल्या पैशांत आठऐवजी सोळा जीबी रॅम (चालू कामं मांडायची जागा) आणि हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवली. खरं सांगायचं तर माझ्या पत्रिका ‘चि.’वर अडायच्या त्यात रॅमचाच हात मोठा होता. टॅब आणि फोटोशॉप मिळून आठ जीबी खाऊन टाकायचे आणि मग सगळा कारभार जुन्या हार्डडिस्कवर रखडायचा.

आता मशीन असं पळतं, की पत्रिका, फोटो, स्कॅन सगळं एकदम उघडून मी रुबाबात बसतो. परवा एक काका दाखल्यासाठी आले. मी झटक्यात फॉर्म भरला, कागद चढवले, बटण दाबलं.

“काका, ओटीपी सांगा.”

“तो पोराच्या मोबाइलवर येतंय.”

“मग पोराला फोन लावा.”

“तो पणजीला हाय कामाला. ड्युटीवर फोन उचलत नाही. संध्याकाळपर्यंत बसू काय हितं?”

बसले. मी त्यांना चहा मागवला.