फीत आधी, अर्थिंग नंतर

तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय, तिन्ही शाखा मिळून अठराशे मुलं, नॅकची (महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) भेट वर्षावर आलेली, आणि संगणक कक्षात चाळीस पीसी, निम्मे २०१६ चे, निम्मे २०१९ चे. अशा वेळी घाबरून जाऊन नियोजन वगैरे सुरू करू नका. नियोजनाला वेळ लागतो आणि निधी ३१ मार्चला परत जातो. तुम्ही सुरुवात उद्घाटनापासून करा. पाहुणे कोण, त्यांना कोणता दिवस मोकळा, कोनशिलेवर नावं कोणत्या क्रमाने, एवढं पक्कं झालं की बाकीचं सगळं तांत्रिक उरतं. तांत्रिक म्हणजे व्हेंडर बघेल ते.

निकड तेवढी कागदावर दिसली पाहिजे. ती आयती हाताशी आहे. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. हे वाक्य टिपणीत टाका आणि चाळीसच्या चाळीस पीसी ‘कालबाह्य’ लिहून मोकळे व्हा. प्रत्येक पीसीसमोर बसून पिढी बघायला जाऊ नका. २०१९ च्या वीसमध्ये टीपीएम आधीपासूनच असायचं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं, आणि ते चालू करायला दोन मिनिटं पुरतात, असं निघालं तर निम्मा प्रस्ताव तिथेच बसेल. २०१६ चे वीस तर अजिबात उघडू नका. त्यांत जुनी फिरती हार्डडिस्क आहे आणि चार जीबी रॅम. डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, लावली, रॅम आठ केली आणि लिनक्स टाकलं, तर बीएस्सीच्या पोरांचे सी आणि पायथनचे प्रॅक्टिकल त्यावर आणखी चार वर्षं निघतील. पण यात मोठी अडचण आहे. एसएसडी दिसत नाही. झाकणाच्या आत बसलेल्या वस्तूला फीत कशी बांधणार? शिवाय निधी भांडवली खर्चाचा, आणि स्क्रू-ड्रायव्हरने होतं त्या कामाला दुरुस्ती म्हणतात. दुरुस्तीच्या शीर्षात शिल्लक विचारू नका, लेखापाल हसतील.

आता स्पेसिफिकेशन. ते स्वतः लिहायला बसलात तर आपल्याला नेमकं काय हवंय हा प्रश्न पडेल आणि उगाच डोकं धरून बसाल. शेजारच्या कॉलेजने तीन वर्षांपूर्वी जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, टाकलेलं मागवून घ्या आणि जसंच्या तसं चढवा. त्यात डीव्हीडी रायटर असेल, असू द्या. शेवटच्या पानावर शेजारच्या कॉलेजचं नाव राहिलं असेल, तेही असू द्या, वाचतंय कोण? आणि मॉनिटरच्या आकाराबद्दल आग्रही राहा, एसएसडीबद्दल नको. तुम्ही ‘१ टीबी स्टोरेज’ एवढंच लिहिलंत की एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, व्हेंडर नियमात राहून स्वस्तातली फिरती डिस्क देईल आणि नवा कोरा पीसी जुन्याइतकाच वेळ घेऊन सुरू होईल.

माल २८ मार्चला येतो. त्याच दिवशी तपासणी समितीच्या सह्या घ्या. समितीत इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि मराठी असावेत. खोकी न फोडता मोजली तर वीस मिनिटांत काम होतं. टेबलं अजून सुताराकडे आहेत, त्यामुळे खोकी ऑगस्टपर्यंत जिमखान्यात राहतील. तीन वर्षांची वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू झालेली असते. पहिले पाच महिने ती कॅरमबोर्डाच्या शेजारी बसून संपते.

विजेचा विषय निघेल. निघाला की बदला. वायरमन म्हणेल, चाळीस पीसी मॉनिटरसकट धरले तर एकेकी दीडशे वॅट, म्हणजे सहा किलोवॅट, वर दीड टनाचे दोन एसी, मंजूर भार वाढवून घ्या. त्याला चहा पाजा. मग तो अर्थिंगचा खड्डा दाखवायला नेईल. खड्डा इमारतीच्या मागे असतो, त्यावर पालापाचोळा असतो, आणि मीठ-कोळसा घातल्यापासून उन्हाळ्यात त्यात कुणी बादलीभर पाणी ओतलेलं नसतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर घोळ आहे, असं तो म्हणेल. म्हणू द्या. अर्थिंग लागलंच नाही तरी पीसी चालतात! फक्त कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसमधल्या (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या) फिल्टरचे कपॅसिटर त्या पत्र्याला जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात. टेस्टर लावाल तर दिवा लागेल. मुलांना चपला घालून बसायची परवानगी द्या, म्हणजे झालं. लॅबबाहेर चपला काढायला लावायची प्रथा तशीही जुनी झाली.

यूपीएस मात्र मोठा घ्या, तो फोटोत चांगला दिसतो. १० केव्हीए, ऑनलाइन, बारा व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या. केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे, पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर हातात आठच येतात, हे कुणी सांगितलं तरी त्याला ‘तेच ते’ म्हणा. चाळीस पीसींचे सहा गेले की उरलेल्या दोनांवर ऑफिसचा लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स जोडून टाका. प्रिंटरचा फ्यूजर तापताना एकदम हजारेक वॅट ओढतो, झेरॉक्स त्याहून जास्त. दोघांनी एकदम तोंड उघडलं की यूपीएस किंचाळून बसतो आणि चाळीस जणांचे प्रॅक्टिकल एका मार्कशीटच्या प्रिंटपायी जातात. बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कोठडीत ठेवा. पंचवीस अंशांवर पाच वर्षं टिकणारी बॅटरी दर दहा अंशांमागे निम्मं आयुष्य गमावते. विदर्भ-मराठवाड्यात असाल तर एप्रिल-मे हे काम बिनबोभाट करतात. एक बॅटरी गेली की एकच बदला. सोळांच्या माळेत एक नवी आणि पंधरा म्हाताऱ्या, म्हणजे ती नवी सहा महिन्यांत म्हाताऱ्यांसारखीच होते आणि तुम्हाला पुन्हा एकच बदलायला मिळते.

केबलचं म्हणाल तर खोक्यावर ‘कॅट ६’ आणि ‘३०५ मीटर’ छापलेलं असलं की बास. आत तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, हे तार खरवडून बघण्याइतका संशयी स्वभाव बरा नव्हे. खोकं उचललं की हलकं लागतं, यातच आनंद माना. नव्वद मीटर भिंतीतून आणि दहा मीटर पॅचकॉर्ड, अशी मर्यादा आहे खरी, पण ग्रंथालय एकशे चाळीस मीटरवर असेल तर त्याचं काय करणार? केबल दोन इमारतींमधल्या आंब्यावरून टांगत न्या. फायबर टाकलं असतं तर विजेचा प्रश्नच नव्हता, काचेतून वीज जात नाही. तांब्यातून जाते. जूनमधल्या पहिल्या वळिवाला एक लखकन झालं की दोन्हीकडचे नेटवर्क स्विच (सगळ्या पीसींच्या केबल जिथे जोडतात ते डबे) एकाच वेळी जातात आणि कोणाचा आधी गेला हा वाद राहत नाही.

स्विच अनमॅनेज्ड घ्या, चोवीस पोर्टचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण अद्ययावत कॉलेजचं खरं दर्शन याच डब्यात होतं. रॅक व्हरांड्यात आहे, दार लागत नाही, एक पिवळी पॅचकॉर्ड मोकळी लोंबते आहे. तिचं एक टोक पोर्ट सातमध्ये. नॅकच्या तयारीत सगळीकडे आवराआवर चाललेली असते. कुणीतरी भला माणूस जाता जाता ते लोंबतं टोक बरं दिसावं म्हणून पोर्ट अकरामध्ये खोचतो. क्लिक. दोन सेकंदांत चोवीसही हिरवे दिवे एका तालात लुकलुकू लागतात. बघायला छान, गणपतीतल्या माळेसारखे. झालंय असं की एका पीसीने सगळ्यांना उद्देशून घातलेली हाक सातमधून बाहेर पडून अकरामधून आत येते, पुन्हा सगळ्यांकडे जाते, पुन्हा सातमधून बाहेर. इथरनेटच्या पाकिटावर ‘इतके फेरे झाले की टाकून द्या’ असं काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे ती हाक मरत नाही, वाढत जाते. लॅब बंद, ऑफिस बंद, ग्रंथालय बंद, बायोमेट्रिक बंद.

‘काय हो सर, नेट गेलं का?’

‘राउटर रीस्टार्ट केलाय, सर.’

‘मग आला का?’

‘आला होता, सर. परत गेला.’

पुढचे दोन दिवस इंटरनेटवाल्याला फोन करण्यात घालवा. तो ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणेल आणि तो खरं बोलत असेल. लूप ओळखून तो पोर्ट आपोआप बंद करणारा मॅनेज्ड स्विच एका प्रोजेक्टरपेक्षा स्वस्तात येतो, पण तो रॅकमध्ये जाऊन बसतो. पाहुण्यांना रॅक दाखवत नाहीत.

वायफायसाठी एकच राउटर घ्या आणि तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठेवा. सिग्नल जिथे लागतो तिथेच तो हवा. नाव कॉलेजचं, पासवर्ड कॉलेजचं नाव आणि एक दोन तीन. अशा राउटरकडे जोडलेल्या फोन-पीसींना वाटायला जास्तीत जास्त २५३ आयपी पत्ते असतात आणि एकदा दिलेला पत्ता तो बहुधा चोवीस तास कुणाच्या तरी नावावर ठेवतो. सकाळी साडेसातला अकरावी आत येते, खिशातला फोन आपसूक जोडला जातो, पोर वर्गात पोचायच्या आधी एक पत्ता खर्ची. दहा वाजता सीनियरचे येतात तेव्हा दुकान रिकामं. अकराला ग्रंथपाल पुस्तक द्यायला बसतात आणि त्यांच्या पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लागलेला असतो. म्हणजे, मला कुणी काही दिलं नाही, असं तो पीसी सांगतो आहे. मुदत तासावर आणणं, विद्यार्थी आणि कार्यालय यांचं जाळं वेगळं करणं, हे उपाय करू नका. त्याऐवजी दुसरा राउटर आणून पहिल्यालाच जोडा, त्याचंही पत्तेवाटप चालू ठेवा. आता दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात. एका घरात दोन कारभारी.

नॅकच्या चौथ्या निकषात बँडविड्थ विचारतात, तिथे बिलावरचा आकडा लिहा. विद्यार्थी-संगणक गुणोत्तरही विचारतात. इथे जुने चाळीस कामाला येतात. नवे चाळीस, जुने चाळीस, ऑफिसचे बारा, आणि भूगोल विभागात टेबलफॅनला टेकू म्हणून ठेवलेला एक.

सीसीटीव्ही याच खर्चात बसवून घ्या. सोळा कॅमेरे, प्रत्येकी चार एमबीपीएस, एकूण चौसष्ट. दिवसाला जवळजवळ सातशे जीबी. चार टीबीची डिस्क सहाव्या दिवशी स्वतःलाच पुसू लागते. चोरी सोमवारी होते, लक्षात पुढच्या बुधवारी येते. गुणाकार करून डिस्क मोठी घेणं किंवा फ्रेम कमी करणं कुणालाही जमलं असतं, म्हणूनच ते व्हेंडरवर सोपवा.

कार्यालयातला जुना डेटा नव्या पीसीवर हलवताना मात्र शांत राहा. २००८ पासूनची पत्रं, निकाल, सेवापुस्तकांचे मसुदे कृतिदेवमध्ये आहेत. तो मराठी फॉन्ट नव्हेच. रोमन अक्षरांना घातलेला मराठी मुखवटा आहे. नव्या पीसीवर फॉन्ट नसला की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच एवढी पाच अक्षरं उरतात. वरिष्ठ लिपिकबाई ते बघून ‘व्हायरस आला’ म्हणतील. युनिकोडमध्ये बदलायचे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात, आणि नजर कुणाकडे आहे? फॉन्ट पेनड्राइव्हवरून टाका आणि पुढच्या पंधरा वर्षांची पत्रंही त्यातच सुरू करा.

बॅकअप डी ड्राइव्हवर घ्या. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत, हे डिस्क जाईपर्यंत कळत नाही. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सोल असो की कोहा, रोज रात्री बॅकअपची फाइल बनते, तिचा आकार शून्य केबी असतो, आणि ती परत चढवून बघायची परीक्षा कोणत्याच वेळापत्रकात नसते.

राहता राहिला माणूस. हे सगळं सांभाळायला शिक्षकेतर आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) नेटवर्कवाल्याचं पद शोधू नका. तासिका तत्त्वावरचा संगणकशास्त्राचा तरुण मास्तर बघा. त्याला ‘समन्वयक’ म्हणा, खुर्ची द्या, मानधन तेच ठेवा. तो शनिवारी केबल ओढेल, रविवारी विंडोज टाकेल. एका पीसीची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची नक्कल, करून चाळिसांवर चढवता येते, हे त्याला ठाऊक असतं, पण त्यासाठी बाहेरची हार्डडिस्क लागते आणि तिच्या मागणीपत्रावर अजून सही व्हायची असते, म्हणून तो चाळीस वेळा टाकेल. राउटर, स्विच, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या डोक्यात राहतील. लिहून घेऊ नका, अविश्वास दिसतो. एप्रिलमध्ये त्याची ऑर्डर संपते. जूनमध्ये तो नाशिकला एखाद्या कंपनीत असतो आणि तुमचा फोन आला की तो कट करतो, तोही मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज न करता.

मग एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, द्या. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, ती स्वस्त पडते. माणूस फुकट येतो, येऊन कोणता भाग गेला ते सांगतो, आणि भाग तुम्ही आणायचा असतो.

जुने पीसी ३१ मार्चला निर्लेखित (नोंदीतून रद्द) करायचे होते, ते समितीची बैठक न झाल्याने राहिले. भंगारवाल्याला देता येत नाहीत. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्याकडे द्यायचे असतात, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून चाळीस नगांसाठी टेम्पो काढत नाही. त्यामुळे ते जिमखान्यात गेले आहेत, नव्यांच्या रिकाम्या खोक्यांत, थर्माकोलसकट. खोकी फेकली नाहीत हे उत्तम केलंत. डेडस्टॉकचे (साहित्याच्या नोंदवहीचे) नंबर पांढऱ्या रंगाने घालून ठेवा, आणि त्याच पानावर खाली एक ओळ वाढवा: कात्री, स्टीलची, नग एक, लाल फितीसह.