चितळ पाळून लखपती? आधी कलम 39 वाचा

"हरीण आणि अल्पाका पालन : शेळीपेक्षा दहापट नफा" हा मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर बरेच दिवस फिरतोय. (अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं लोकरीचं जनावर.) मी तो सोडून देत होतो. पण उमरेडकडचा माझा आतेभाऊ आता "बुकिंग"चे पैसे भरायला निघालाय, त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक वाक्य हे : "आईने टाकलेली चितळाची पिल्लं जंगलाकडेला सहज मिळतात. बाटलीने वाढवा, परवाना नंतर निघतो."

आईने ती टाकलेली नसतात हो! चितळाची मादी नवजात पिल्लाला गवतात दडवते, स्वतः चरायला जाते आणि पाजायला परत येते. तोवर पिल्लू अजिबात न हलता पडून राहतं. वाघ-बिबट्यापासून वाचायचा तेवढाच उपाय त्याच्याकडे असतो. त्याला कुणी उचलून घरी नेलं की ते खरोखर अनाथ होतं.

आता परवान्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 उघडा. त्यात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच प्राणी पकडणं येतं आणि कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे. कलम 39 तर आणखी स्पष्ट आहे : कायदा मोडून पकडलेला, बंदिस्त ठेवलेला किंवा बंदिस्तात जन्मवलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. असा प्राणी हाती आला तर 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणजे चोरून आणलेल्या जोडीची पिल्लंही तुमची नाहीत. मग विकणार काय? 2022 च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, असल्याने तिथे कैद किमान 3 वर्षांची. "गळून पडलेली शिंगं विकायला हरकत नाही" हेही खोटं. शिंगं कायद्यात वन्यप्राण्याचाच भाग मानली जातात, गळलेली असोत की कापलेली.

"न्यूझीलंडमध्ये करतात, मग आपल्याकडे का नाही?" एवढं मान्य करावं लागेल की तिथे 1969 पासून हरीणपालन कायदेशीर आहे आणि तो मोठा धंदा आहे. पण तिथलं लाल हरीण मूळचं तिथलं नाही. ब्रिटनमधून नेलेलं ते जनावर जंगलात बेसुमार वाढून उपद्रवी ठरलं, म्हणून त्यांनी ते कुंपणात घेतलं. आपलं चितळ इथलंच आहे आणि आपला कायदा वेगळा आहे.

"शेळीसारखंच बांधून ठेवा" म्हणणाऱ्याने हरीण कधी हाताळलेलं नाही. पाठलाग आणि धरपकड झाली की त्याचे स्नायू आतून खराब होतात आणि ते काही दिवसांनीही मरू शकतं. कुंपण जवळपास 2 मीटर उंच लागतं. बाटलीवर वाढलेला नर मोठेपणी माणसाला भीत नाही, माजावर आला की पाळणाऱ्याच्याच पोटात शिंगं खुपसतो. घरात लेकरं असतील तर याचा विचार करा.

अल्पाकाबद्दल फार लिहीत नाही. मेसेज म्हणतो वर्षाला दोन वेत, दोन लोकरी. त्या जनावराचा गाभणकाळच साडेअकरा महिन्यांचा आणि पिल्लू बहुधा एकच. लोकर साधारण वर्षातून एकदा कातरतात. पेरू-बोलिव्हियात 3500 मीटरच्या वर, थंडीत राहणारं हे दाट लोकरीचं जनावर विदर्भातल्या मे महिन्यात उष्माघाताने तडफडेल. शिवाय परदेशातून जिवंत जनावर आणायला सरकारी परवानगी आणि क्वारंटाइन लागतं, त्याचा मेसेजात उल्लेखही नाही.

"आम्हीच परत विकत घेऊ" ही हमी 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कडकनाथ कोंबड्या पाळणाऱ्यांनाही मिळाली होती. कोंबड्या शेतकऱ्यांच्या गळ्यात राहिल्या.

तेव्हा बुकिंगचा एक रुपयाही भरू नका. बांधावर पिल्लू दिसलं तर हात लावू नका, कुत्री लांब ठेवा आणि तिथून निघून जा. आई मेलेली दिसली किंवा पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या नंबरावर फोन करा.