मनगटावरचा जावई

माझ्या मेव्हण्यांचा इंदूरजवळ पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणारा माणूस घड्याळांच्या नादी लागणारच. त्यांचं घड्याळ स्विस, ऑटोमॅटिक, वर ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’वालं, म्हणजे तारीख आपली आपण सांभाळणारं. किंमत त्यांनी कधी सांगितली नाही, त्यावरूनच अंदाज आला. लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला निघताना त्यांनी ते माझ्या हातात चढवलं. “जावईबापू, थांबू द्यायचं नाही हं! नुसतं घालून हिंडा.” अशी घड्याळं हलती ठेवायला विजेवर फिरणारी पेटी मिळते. त्यांची बिघडली होती. त्या जागेवर माझी नेमणूक झाली.

ज्या घरचा मी जावई, त्या घरचं घड्याळ आमच्याकडे जावई होऊन आलं. त्याला पाणी चालत नाही, धक्का चालत नाही, रात्री नऊ ते पहाटे तीन तारखेला हात लावलेला चालत नाही. त्या वेळात आतली चाकं तारीख बदलायच्या तयारीत एकमेकांत अडकलेली असतात. जोर केला तर दात तुटायचा. आत एक चकती चार वर्षांत एक फेरा घेते. तिच्या कडेला महिन्यांच्या खाचा. तीस दिवसांची उथळ, फेब्रुवारीची खोल, लीप वर्षातल्या फेब्रुवारीची किंचित कमी खोल. त्या खाचा चाचपत एक दांडी महिना किती दिवसांचा ते ओळखते. चालू राहिलं तर सन 2100 पर्यंत तारखेला बोट लावायला नको.

“एकादशी सांगतं?” बायकोनं विचारलं.

“नाही.”

“अधिक महिना?”

“नाही.”

ती भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून नुसती हसली.

खरी गोम पुढेच होती. ह्या घड्याळाला किल्ली बसते ती हात हलला की. आतलं अर्धगोल वजन फिरतं, ते कमान म्हणजे आतली स्प्रिंग गुंडाळतं, आणि भरलेली कमान जेमतेम दोन दिवस पुरते. माझा पेशा हिशेब तपासण्याचा. दिवसभरात माझ्या शरीराची सर्वात मोठी हालचाल म्हणजे पान उलटणं, आणि तेही उजव्या हातानं. हे घरात कळल्यापासून “अहो, उठा, दादाचं घड्याळ थांबेल” हा मंत्र सुरू झाला. कुंड्यांना पाणी मी घातलं, माळा मी झाडला. श्रीखंडाचा चक्का मी घोटला, डाव्या हातानं, घड्याळावर प्लास्टिकची पिशवी बांधून. श्रीखंडात गुठळ्या राहिल्या. घड्याळ मात्र ठणठणीत.

बाहेर वेगळीच तऱ्हा. इंदूरच्या ‘छप्पन’ खाऊगल्लीत पोहे खाताना हात खिशात घालावा तर कमान भरत नाही, बाहेर काढावा तर जीव थाऱ्यावर राहत नाही. शेजारच्यानं वाकून पाहिलंच. “भिया, कित्ते की ली?” मी पुटपुटलो, “साले साहब की है.” तो म्हणाला, “ऐसी तो राजवाडे पे डेढ सौ में मिल री.” इतका धीर मला आजवर कुणी दिला नव्हता.

आता एक कबूल करतो. रात्री सगळे झोपले की मी ते उलटं करून वडिलांच्या भिंगातून बघत बसतो. पाठीला काच आहे. बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाचा ठोका धरणारं चाक, सेकंदाला आठ वेळा इकडून तिकडे झोके घेतं, लालसर माणकं चमकतात, आणि प्रत्येक पट्टीची कड हातानं तासून उजळलेली. ही झिलई द्यायला जुने कारागीर जेन्शन नावाच्या डोंगरी झाडाचा वाळका दांडा वापरतात म्हणे. चांगल्या घड्याळात जी बाजू तबकडीखाली कायमची झाकली जाणार, तीही घासून सजवतात. आमच्याकडे दिवाळीत रंग काढताना कपाटामागची भिंत सोडतात.

एवढं करून ते रोज पाच सेकंद पुढे जातं. प्रमाणपत्रवाल्या स्विस यंत्रालाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे अशी सूट असते. 1969 च्या नाताळात टोकियोत विकायला आलेल्या पहिल्या स्फटिकाच्या, म्हणजे क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळानं ह्या साऱ्या कारागिरीची हवाच काढली होती. माझ्या लेकीच्या सहाशे रुपयांच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि तिची बस कधी चुकत नाही. मेव्हणे मात्र व्हिडिओ कॉलवर नातवाआधी विचारतात, “आज किती पुढे?”

“पाच.”

“वाहवा!”

परवा कळलं की त्यांचा मुक्काम महिनाभर वाढलाय. मी काही बोलायच्या आत बायकोनं फोन घेतला. “खुशाल राहा रे दादा. आणि उजव्या हातात घालायला एखादं आहे का तुझ्याकडे? गव्हाची वाळवणं यायचीयेत.”